उभ्या रेघा, आडव्या रेघा

३ फेब्रुवारी, सोमवार

ठ नापास! कंपासने काढलेला, कॉम्प्युटरवर तपासलेला – तरी नापास. गरुड सरांनी कागद चिमटीत धरला, मेलेली पाल धरावी तसा. "हे मोजून काढलंय. बघून नाही."

अहो, भूमितीतून अक्षरं काढायची हाच तर माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प! फक्त वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेघ. कुठे शेपूट नाही, नखरा नाही. ह्या अक्षरसंचाचं, म्हणजे टाइपफेसचं, नाव 'समान'. सगळ्या रेघांची जाडी आकड्यात ऐंशी. आणखी काय पाहिजे?

सर म्हणाले, "आकडा सारखा असला तरी आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड दिसते. म्हणून उभी थोडी वाढवायची. किती, ते डोळ्याला विचार."

तीस वर्षं शिकवतायत. केसाएवढा फरक पकडतात, म्हणून तर गरुड. त्यांच्यापुढे कोण बोलणार? आणि हा प्रकल्प गेला तर माझं वर्ष गेलं. वर्ष गेलं तर बाबांच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं ठरलंय. म्हणजे बाबांनी ठरवलंय.

५ फेब्रुवारी

डोळ्याला विचारलं. खरंच की! उभ्या रेघा अगदीच फिकट, आजारातून उठल्यासारख्या. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? नव्वद केल्या. अजून फिकट. शंभर. एकशे बाराला आल्या तेव्हा कुठे जीव आला त्यांच्यात.

६ फेब्रुवारी

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग दोरा गुंडाळलेली चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवली आणि म्हणाले, "तुला डोळा आहे."

मला डोळा आहे!!

९ फेब्रुवारी, रविवार

घरी दाखवलं. हात दाखवून अवलक्षण. 'पाषाण' हा शब्द पानभर मोठा काढला होता. ताई म्हणाली, "कुंपण छान आहे. अक्षरं कुठायत?"

बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "खांब भक्कम आहेत. स्लॅब मात्र बारीक पडलाय."

एक बँकेत चिकटलेली, एक फरशा विकणारे! कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये मागच्या पाच वर्षांचे पहिले आलेले प्रकल्प लावलेत. सगळ्यांच्या उभ्या रेघा अशाच धष्टपुष्ट. आमच्या कॉलेजचं घराणंच आहे ते. पण सांगते कोणाला!

१४ फेब्रुवारी

नवीन फर्मान. दहा अनोळखी माणसांना आपला टाइपफेस लांबून वाचायला लावायचा आणि ते काय म्हणतात ते लिहून आणायचं.

अनोळखी माणसं आणायची कुठून? – मामा! मामाच्या चष्म्याच्या दुकानात बाकावर माणसं आयती बसलेली असतात. जमिनीवर अंतराची पट्टीसुद्धा आखलेली आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू.

सकाळी 'समान'चा तक्ता टांगला. पहिले आजोबा म्हणाले, "पोरी, तो पडदा बाजूला कर, मग वाचतो." दुसऱ्या बाईंनी कशीबशी तीन अक्षरं वाचली आणि मामाला रडवेल्या आवाजात विचारलं, "माझा नंबर एवढा वाढला का हो?" मामाने घाईघाईने माझा तक्ता उतरवला. "तू माझं गिऱ्हाईक पळवून लावशील!"

मी गाल फुगवून बाकावर बसले. समोर मामाचा स्वतःचा एक तक्ता होता. मधल्या बिंदूपासून चहूकडे निघालेल्या रेघा, लहान मुलं सूर्य काढतात तशा. मला राहवेना.

"मामा, हा बदलून आण. छपाई भिकार आहे. आडव्या रेघा ठळक, उभ्या पुसट. कुठल्या गाढवाने छापलाय?"

मामाने हातातला चष्मा खाली ठेवला. "पुन्हा बोल."

पुन्हा बोलले. गाढवासकट.

"इकडे ये. खुर्चीत बस."

त्या तक्त्यातल्या सगळ्या रेघा सारख्याच असतात. ज्याच्या बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसेल, त्यालाच त्या कमीजास्त काळ्या दिसतात. तेवढं ओळखण्यासाठीच तो टांगतात! दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला.

१८ फेब्रुवारी

चष्मा आला. 'समान' उघडला.

कुंपण. नुसतं कुंपण!

दिवसभर उभ्या रेघा खाली आणत होते. चौऱ्याऐंशीला थांबल्या. ताईला दारातून वाचायला लावलं. "पाषाण," ती म्हणाली. "बरं मग? ह्यात विशेष काय?" ताईला मिठी मारली. ती घाबरली.

२० फेब्रुवारी

पण मग सरांना ते कुंपण आवडलं कसं? – नको. असला विचारसुद्धा नको.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांना नवा 'समान' दाखवला. चेहराच उतरला त्यांचा. "उभ्या रेघांना काय झालं? चांगला डोळा होता, घालवलास. शुक्रवारी जुनाच दे."

कागद गुंडाळला. म्हणजे तो विचार खराच होता तर.

२७ फेब्रुवारी

दोन फाइली समोर आहेत. जुनी दिली की पास. नवी दिली की फरशी.

जुनीच द्यायची ठरवून बसले होते. गुपचूप द्यायची, सुटायचं. पण ती उघडली की मला बघवत नाही. खरंच बघवत नाही. आणि ते पडदेवाले आजोबा आठवतात. भीती वाटतेय, खूप.

२८ फेब्रुवारी

नवी दिली. शंभरपैकी एकतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

संध्याकाळी बाबांनी निकाल ऐकला. दुकानातली जास्तीची खुर्ची तेवढी पुसून ठेवली.

१ मार्च

'सर, डोळे तपासून घ्या' म्हणायची कोणाची छाती आहे? माझी नाही. रात्रभर तळमळले. सकाळी गेले आणि म्हटलं, "सर, एका दुकानात एक तक्ता आहे. छपाई वाईट आहे असं मला वाटलं. तुमचं मत हवं होतं."

वाईट छपाई म्हटल्यावर सर थांबतात थोडेच! "पत्ता दे."

४ मार्च

मामाचा फोन. "तुझे सर आले होते गं. तक्ता बघून मला म्हणतात, कुठल्या गाढवाने छापलाय?"

"मग?"

"मग काय, खुर्चीत बसवलं. दहा वर्षं तोच चष्मा लावतायत. नवा नंबर घालून तक्ता दाखवला, तर उठून तक्त्याजवळ गेले आणि एकेका रेघेवरून बोट फिरवत राहिले."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

१० मार्च, सोमवार

नोटीस बोर्डासमोर गर्दी. 'प्रकल्पांचे निकाल मागे घेतले आहेत. सर्व प्रकल्प पुन्हा तपासले जातील. मागील पाच वर्षांचेही.' खाली गरुड सरांची सही.

आणि सगळी नोटीस 'समान'मध्ये. नव्या. गर्दीच्या मागून, अगदी शेवटून वाचली मी.