गालिच्याची मागची बाजू

आई, तुझ्या गालिच्याला मागून चिकटवलेलं कापड परवा आपोआप सुटलं. गेली दोन-तीन वर्षं तो उचलला की खालून पिवळी भुकटी पडायची. सून म्हणायची, या भुकटीनं घरात सगळ्यांना खोकला होईल, टाकून द्या आता. खोकल्याचं नाव काढलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. परवा मात्र घंटागाडीत टाकायचाच म्हणून गुंडाळायला घेतला, तर कापड हातात आलं. खाली जे दिसलं ते तुला सांगायचं आहे. तू गेलीस त्या वयाच्या कितीतरी पुढे मी येऊन बसले आहे, तरी हे सांगायला मला दुसरं कुणी सापडत नाही.

आपल्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे तो पत्र्याच्या शेडमधला गालिच्यांचा कारखाना होता. आणीबाणी उठली त्या सुमारास तू तिथे लागलीस, आणि शाळा सुटली की मी घरी न जाता तुझ्याकडेच यायची. अजून डोळ्यांसमोर आहे. उभ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवलेलं आहे, चौकट भिंतीला जवळजवळ चिकटून आहे, आणि तू तिच्यासमोर उभी राहून गन दाबते आहेस. गन म्हणजे मूठ असलेली जाड पोकळ सुई. खट केलं की लोकर कापडातून पलीकडे, भिंतीच्या बाजूला निघते. काम करणाऱ्याला गालिच्याची फक्त पाठ दिसते, तोंड दिसत नाही. म्हणून कारखान्यातले नक्षीचे मास्तर कापडावर नक्षी उलटी काढून द्यायचे, म्हणजे पुढून ती सुलटी उमटायची. कापड चौकटीवर बसवायचं काम तुझं. पातळ कापड ते, मास्तरांची निळी शाई पलीकडच्या बाजूलाही थोडी फुटायची.

तोवर तू वेली केल्या होत्यास, फुलं केली होतीस. वेल डावीकडे वळली काय नि उजवीकडे वळली काय, कोण बघतो? मग एका मंगल कार्यालयाची ऑर्डर आली, दारात टाकायला लाल गालिचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सुस्वागतम्'. त्या संध्याकाळी तू स्टोव्हला पंप मारत होतीस आणि हसत होतीस. "आज वाचता येईल असं काम मिळालंय," म्हणालीस. तिसरीत शाळा सुटलेली तू, पण अक्षरं तुला लावता यायची. तू ती वाचत वाचत भरलीस. वाचता येतायत म्हणजेच काहीतरी चुकतंय, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? अक्षरांचं काम तू कधी केलंच नव्हतंस.

चौकटीवरच पाठीला रबराचं सोल्युशन लागलं, त्यावर दुसरं कापड चिकटलं, आणि गालिचा उतरवून फिरवला तेव्हा सगळं 'सुस्वागतम्' आरशात बघावं तसं उलटं. शेठ सगळ्या बायकांदेखत तुला बोलले. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की मी नेहमीसारखं उलटंच काढून दिलं होतं, बाईंनी कापड बसवताना बाजू बदलली. तू म्हणालीस, मला दिलं तसंच मी बसवलं. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या हातातली गन गेली आणि सोल्युशनचा डबा आला. तो वाया गेलेला गालिचा, तुमचा तुम्हीच न्या म्हणून, तुझ्याच खांद्यावर टाकला. वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात रोजंदारीवर होते. ते म्हणाले, सोड ते काम, दुसरीकडे बघू. तू ऐकलं नाहीस. आता सोडलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं म्हणालीस. त्या डब्याच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं, पत्र्याखाली जीव गुदमरायचा, वर कापलेल्या लोकरीची धूळ. तू नाकाला पदर लावून वर्षानुवर्षं ब्रश फिरवत राहिलीस, चूक तुझी नव्हती म्हणून.

घरी शेजारणी चेष्टा करायच्या, तुमच्याकडे काय उलट्या पावलांनी यायचं का. तूही हसायचीस. मला मात्र चीड यायची. नववीत असताना एका रविवारी मी कात्री घेऊन गालिच्यावर बसले. म्हटलं, पाठीचं कापड फाडू, मास्तरांनी ज्या बाजूला काढलं त्या बाजूची शाई गडद असणार; पाठीला गडद निघाली तर चूक त्यांची, आत्ता कळेल. तू पिठाच्या हातांनी कात्री हिसकावून घेतलीस. इतकी रागावलेली मी तुला कधी पाहिली नव्हती.

"एवढी चांगली वस्तू फाडतीस व्हय? मला ठावं हाय, तेवढं बास."

पण तुला तेवढं पुरलं नाही, आई. खोकला वाढला, काम सुटलं, खाट धरलीस, आणि पडल्या पडल्या तू तोच दिवस उगाळत बसलीस. म्हणायचीस, त्या दिवशी डोकं दुखत होतं. कापड झटकलं होतं, तेव्हा फिरलं असेल. मध्येच मला बोलावलं होतं कुणीतरी. गालिचा तुझ्या खाटेखालीच पसरलेला होता. एका दुपारी त्याच्याकडे बघत तू म्हणालीस, "माझंच चुकलं असंल गं. मास्तर कशाला खोटं बोलंल?" मी म्हटलं, जाऊ दे आता. आठवड्याभरात सिव्हिलमध्ये तू गेलीस, आणि हेच सोबत घेऊन गेलीस.

परवा तो मी हॉलमध्ये पालथा घातला. रबराची पूड झाली आहे, बोट लावलं तरी झडते. तिच्याखाली प्रत्येक अक्षराच्या कडेनं निळी रेघ आहे, गडद, ठसठशीत. पुढून जिथे लोकर गळून गेली आहे तिथे तीच रेघ फिकट, फुटलेली. मास्तरांनी सरळ अक्षरं काढली होती आणि तुला दिली होती. तू दिली तशीच बसवलीस. तुझ्या बाजूनं 'सुस्वागतम्' अगदी सरळ आहे, एक टाका हललेला नाही. मी जमिनीवर बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं.

हे घेऊन जाऊ कुठे? मास्तर गेले, शेठ गेले, कारखान्याच्या जागी मोबाईलची दुकानं आहेत. सुनेला सांगितलं, ती म्हणाली, बरं झालं ना, कळलं एकदाचं, आणि कुकर बघायला गेली. तिचं काही चुकलं नाही. राग मला तुझा येतो. कात्रीचा एक कट, आई. तुझ्या पाठीखाली, हातभर अंतरावर होतं ते. गालिचा जपलास आणि स्वतःला मोडू दिलंस, आणि आता तो गालिचाही राहत नाही.

घंटागाडी काल येऊन गेली, आजही गेली. मी खाली उतरले नाही. उद्या सून उतरेल. हा कागद मी त्याच्यात गुंडाळून देणार आहे, म्हणजे दोन्ही एकदमच जातील. तुला म्हणून एक सांगते. ते कापड सुटलं नसतं तर बरं झालं असतं. तुझं चुकलं असेल असं धरून मी तुला केव्हाच माफ करून टाकलं होतं, आणि त्यावर माझी इतकी वर्षं बरी गेली होती.