पुढच्या खोलीतली खुर्ची

मी, खाली सही करणार, वयाने ऐंशीच्या पुढची, पेशाने निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे; डॉक्टरबाईंनी तपासून दाखला जोडला आहे. दडपण कोणाचे नाही. माझ्यावर दडपण आणील असे माणूस या घरात कधी नव्हतेच.

१. माझे यजमान मोठे नेते होते. आमच्या लोकांना सरकारी दवाखान्यात मागच्या दाराने जावे लागे. यजमानांच्या चळवळीने कोणावर हात न उगारता समोरचे दार उघडायला लावले. उद्या त्यांचा पुतळा उभा राहतो आहे. पुतळ्याखाली कोरलेले नाही, ते येथे लिहिते. मार खाऊन गप्प बसणे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते आमच्या पुढच्या खोलीत, बिनहातांच्या खुर्चीत बसवून शिकवले जाई. शिकवत असे मी. थोबाडीत मारायची, केस ओढायची, आईबापाचा उद्धार करायची. ज्याची मूठ वळली त्याला घरी पाठवायची. ज्याची वळली नाही तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाई. यजमान तेवढा वेळ अंगणात बसत. म्हणत, "तुझा हात चालतो. मला आवाजसुद्धा सोसत नाही." त्यांचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहिले. मला पश्चात्ताप नाही.

२. मानपत्रे सूनबाईला द्यावीत. भिंती झाकायची हौस तिलाच आहे.

३. चळवळीचे उपाध्यक्ष पायऱ्यांवर पोलिसांचा लाठीमार झाला त्या दिवशी दवाखान्याच्या संडासात कडी लावून बसले आणि पुढे त्याच लाठीमारावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिले. त्यांना आमच्या संडासाची कडी काढून द्यावी. पितळी आहे.

४. राहता राहिले घर. मुलाला येथे वडिलांचे स्मारक करायचे आहे, आणि वरच्या मजल्यावर स्वतः अध्यक्ष म्हणून राहायचे आहे. "आई, ते मारण्याबिरण्याचं कुठे बोलू नकोस हं. बाबांच्या नावाला बट्टा लागेल," असे तो मला बजावतो. मी वकिलांसमोर अट घातली: याने एकदा त्या खुर्चीत बसावे. हात उचलला नाही, तर घर त्याचे.

मारायचे काम मी याच खुर्चीत शिकून गेलेल्या शिंप्याला सांगितले. त्याचा डावा डोळा त्या पायऱ्यांवर गेला, हक्क त्याचाच. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही मार खायला शिकवलंत. मारायला कुठे शिकवलंत?"

तेव्हा आज सकाळी वकील आणि डॉक्टरबाईंच्या देखत मीच उभी राहिले. मुलगा हसत बसला. "मार गं म्हातारे, फेडून घे हौस." पहिल्या थपडेला हसला. दुसरीला म्हणाला, "बस झालं हं." तिसऱ्या वेळी मी हात लावलाच नाही, फक्त बोलले, "तुझ्या बापाची या खुर्चीत बसायची छाती झाली नाही. तुझी कुठून होणार?" तो उठला, माझे मनगट पिरगाळले आणि मला भिंतीवर ढकलले. मी उलट मारले नाही. तेवढे मलाही येते.

सबब घर शिंप्याला. मुलाला खुर्ची. पुतळ्यासमोर ठेवून बसावे.

५. माझा देह त्याच दवाखान्याला द्यावा. आत समोरच्या दाराने न्यावा. मृतदेह मागच्या दाराने नेतात, ही सबब ऐकून घेऊ नये. आमचे जिवंत लोकही अशाच सबबींनी मागे नेले जात. देह ताब्यात घेतल्याची दवाखान्याची सही होईपर्यंत दारात गर्दी झाली तरी चालेल, मला घाई नसेल.

६. माझी सही नेहमीसारखी नाही, म्हणून कोणी कोर्टात जाईल. जरूर जावे. उजव्या मनगटावर बोटे उमटली आहेत. ती कोणाची, हे साक्षीदारांनी तेथे शपथेवर सांगावे.

सही: (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: १. वकील. २. डॉक्टरबाई, ज्यांचे वडील त्याच दवाखान्यात मागच्या दाराने जात.
(शिंप्याची सही घेतलेली नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले.)

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: पुतळ्याच्या अनावरणाचा आदला दिवस