पांडबाचं थांबलेलं मशीन

मंगळवार, संध्याकाळ. मंडी मोहल्ला.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, या आठवड्यात प्रत्येकाने एका तरी शेजाऱ्याला प्रभूची साक्ष द्यावी, येशूबद्दल सांगावं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझा शेजारी म्हणजे पांडबाच. एकाच दुकानात आम्ही दोघे कपडे शिवतो. त्याच्या भिंतीवर विठोबा, माझ्या भिंतीवर क्रूस. काय सांगायचं त्याला? रागावला तर? इतक्या वर्षांची सोबत तुटली तर?

आज सकाळभर मनात वाक्य जुळवत होतो. त्या नादात एका शर्टाची बाही उलटी जोडली. दुपारी तसाच डबा उघडला आणि घास तोंडात घातला.

"अय्यो दानियलण्णा, आज प्रार्थना नाही? मी कधीचं मशीन थांबवलंय!"

खरंच थांबवलं होतं. मी डबा उघडला की तो रोज थांबवतो. मला वाटायचं, दोरा ओवायला थांबवतो.

"आणि आज जरा मोठ्याने कर. सून हुणसूरला बाळंतपणाला गेलीय. तुझ्या येशूला तिचं नाव सांग. विठोबाला मी सकाळीच सांगितलंय."

कसाबसा घास गिळला आणि प्रार्थना केली. जुळवलेलं वाक्य आठवलंच नाही, सुनेचं नाव मात्र दोनदा घेतलं. 'आमेन' माझ्याआधी पांडबानेच म्हटलं, आणि मशीन सुरू केलं.

ही साक्ष झाली का? पाळकसाहेबांनाच विचारीन. मला आता दुसरीच काळजी. हुणसूरहून अजून निरोप नाही. झोपण्याआधी तिचं नाव पुन्हा घेतो. आणि हो, ती बाही उसवायची आहे.