अनोळखी खलाशाच्या नावाची चौकशी

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून नवी वही. प्रकरण: अनोळखी खलाशी. चर्चमागच्या दफनभूमीतल्या त्या छोट्या दगडावर एवढंच कोरलंय: अनोळखी खलाशी, १९७१. वादळानंतर किनाऱ्याला लागला होता. चौपन्न वर्षांत एकालाही त्याचं नाव शोधावंसं वाटलं नाही. मी शोधणार. बंदरावर कस्टममध्ये अडतीस वर्षं काढलीत, माणसाच्या चालीवरून बॅगेत बाटल्या किती ते सांगायचो. माझी बायको गुनवोर म्हणायची, परक्याच्या पेटीतलं सगळं दिसतं तुला, घरातलं मात्र काही दिसत नाही. मुदत: एक नोव्हेंबर.

सहा वाजता आमच्या टोरुनचा फोन, दर रविवारसारखा. बाबा, आईच्या कबरीवरच्या दगडाचा कॅटलॉग पाहिलास का, ती जाऊन अडीच वर्षं झाली. म्हटलं, दगड बसवण्याआधी जमीन नीट बसावी लागते. जमीन कधीच बसली बाबा, म्हणाली.

९ सप्टेंबर
लायब्ररीत जुने पेपर. ऑक्टोबर १९७१: हेरिंग मासळीच्या दराला दोन कॉलम, खलाशाला चार ओळी. निळा स्वेटर, खिशात कंगवा. म्हणजे डोक्यावर केस होते. महत्त्वाचा धागा.

१४ सप्टेंबर, रविवार
सापडलं! खलाशाच्या दगडापाशी लाल काचेचा, झाकणाचा दिवा. विझलेला. असे दिवे आमच्या गावात मिळत नाहीत. पुरावा पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवला, ब्राऊन चीजच्या मागे. निष्कर्ष: बाई, परदेशी, वय ऐंशीच्या पुढे, श्रीमंत, मनाला टोचणी. बहुधा जुनी प्रेयसी.

तसाच एक दिवा शेजारी गुनवोरच्या जागेवरही होता. वाऱ्याने सरकला असणार.

१७ सप्टेंबर, बुधवार
पाळतीचा पहिला दिवस. कुंपणाच्या झुडपामागे, थर्मास घेऊन. तेवढ्यात दफनभूमीची देखभाल करणारा मागनार गवत कापायचं यंत्र घेऊन आला. काय साहेब, झुडपात कुणाचं सामान तपासताय, म्हणे. मग दुसरंच सुरू केलं. गुनवोरचा पांढरा लाकडी क्रॉस वादळात मोडला, फेब्रुवारीपासून माझ्या शेडमध्ये पडलाय, घेऊन जा. तो तात्पुरता असतो साहेब, वर्षभरापुरता, आता दगडाचं बघा. म्हटलं, सध्या कामात आहे.

वेळापत्रक ठरलं. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार. शनिवार वगळला. शनिवारी दुपारी दुधातला भात असतो, वर दालचिनी आणि साखर. चाळीस वर्षांत चुकलेला नाही. शिवाय मनाला टोचणी असलेला माणूस शनिवारी येत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
आठ दिवस पाळत, एक मांजर. आणि आज बघतो तर नवा दिवा! म्हणजे प्रेयसी शुक्रवारी चारनंतर आणि रविवारच्या आधी येऊन जाते. बाई चलाख आहे. तीच माझ्यावर पाळत ठेवून आहे.

टोरुन विचारत होती, दगड एकाच नावाचा सांगू, की खाली तुझ्या नावासाठी जागा ठेवायची? बटाटे उतू जाताहेत म्हणून फोन ठेवला. बटाटे नव्हते. जिवंत माणसाला असं विचारतात का? मला नाही बघवणार ती कोरी जागा.

११ ऑक्टोबर, शनिवार
भात करपला. दोघांचंच माप पडतं अजून. उरलेला उद्या खाईन. प्रकरणात विशेष काही नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार
थंडी. गुडघे. थर्मासचं झाकण हरवलं. मागनारला दया आली असावी. अहो साहेब, ती बाई शनिवारी येते, दुपारची. सगळ्या गावाला ठाऊक आहे, एकदा विचारायचंत तरी. म्हटलं, तपास असा विचारून होत नसतो. तरी माहिती स्वतंत्रपणे पडताळून पाहणार. एक तारखेला शनिवारच आहे. भात एक दिवस राहील.

१ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा
सव्वाचारला आली. प्रेयसी नव्हे. चाळिशीची बाई, मासळीच्या कारखान्याचं जॅकेट, हाताला वास. दोन लाल दिवे. झुडपातून एकदम बाहेर आलो, घाबरली बिचारी. नाव बोझेना, पोलंडची. मोडकंतोडकं बोलते. म्हणाली, माझी माणसं तिकडे पुरलीत, त्यांचे दिवे शेजारीण लावते. मग मी इथे ज्यांना कोणी नाही त्यांना लावते. आज तर मृतांच्या आठवणीचा सण, आमच्याकडे एकही कबर अंधारात ठेवत नाहीत.

एक दिवा खलाशाला लावला. दुसरा शेजारच्या गवतावर ठेवला.

मी विचारलं, तिथे कशाला? ती म्हणाली, याचे हाल जास्त आहेत काका. खलाशाला निदान दगड तरी आहे, अनोळखी म्हणून लिहिलेला. याला काहीच नाही. क्रॉससुद्धा नाही. कोण असेल हो? तुम्ही रोज इथे बसता म्हणे, तुम्हाला ठाऊक असेल.

म्हटलं, चौकशी चालू आहे.

ती गेली तरी मी उभाच होतो. गुनवोर, मला फार लाज वाटली.

३ नोव्हेंबर, सोमवार
खलाशाचं नाव कळलं नाही. प्रकरण बंद. मागनारच्या शेडमधून क्रॉस आणला, स्वयंपाकघरात आहे. कॅटलॉग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली होता, तो तिथे आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

फॉर्म भरायला बसलो. नाव लिहिलं. जन्मतारीख: चौदा मार्च. मग वाटलं, चौदाच ना? अडतीस वर्षं लोकांचे पासपोर्ट तपासले. क्रॉसवरची अक्षरं पावसाने गेलेली. शेवटी टोरुनला फोन लावला. सोमवारी फोन बघून ती घाबरली, बाबा काय झालं, काय झालं. विचारलं.  ती म्हणाली, सोळा, बाबा.

चौदा खोडून सोळा केलं. खाली जागा ठेवायची का, त्यापुढे हो लिहिलं.