फाटकापाशी शिपाई

गुरुवार, १ मार्च १९७९, आकुर्डी

एकदाचे आलो. चांदभाईंच्या टेम्पोत आमचा संसार, त्यावर सुमन, तिच्या मांडीवर छबी आणि सगळ्यांच्या वर, गाद्यांच्या वळकटीवर, शिपाई. चिंचवडपासून लोक बघून हसत होते. कुत्रं मात्र ऐटीत, जणू टेम्पो त्याच्याच नावावर आहे.

घर बबनरावांच्या शेताच्या कडेला. दोन खोल्या, पुढे अंगण, एक पेरूचं झाड, चहूकडून काटेरी तारेचं कुंपण आणि एकच लोखंडी फाटक. एका खोलीत चार वर्षं काढल्यावर हा राजवाडाच. छबीने अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या की जेवताना ताटावरच पेंगली. चार वर्षांची पोर, तिला जागा म्हणजे काय ते आज कळलं.

खोट एकच. फाटकाची कडी सैल आहे आणि दहा पावलांवर रस्ता. खाणीतून खडी भरलेले ट्रक कंपन्यांच्या बांधकामांवर जातात. वळणावर हॉर्न देतात, पण वेग काही कमी करत नाहीत. आणि छबीला ट्रकचं वेड. हॉर्न ऐकला की आरशाला बांधलेले रंगीत गोंडे बघायला धावत सुटते. मी लगेच कडीला तार गुंडाळली, वर कुलूप आणायचं ठरवलं. सुमन म्हणाली, अति तिथे माती. तिला काय सांगू, मी टूलरूमचा स्टोअरकीपर. सुटा स्क्रू दिसला तरी मला घास गिळत नाही.

शनिवार, ३ मार्च

कुलूप लावलं, पण येणारे-जाणारे उघडंच टाकून जातात. आज दूधवाल्याने तेच केलं. हॉर्न वाजला, छबी सुटली. मी मोरीत, अंगाला साबण. बाहेर येऊन बघतो तर फाटकाच्या अलीकडे शिपाईने तिच्या फ्रॉकचा घेर दातात धरलेला आणि बुड टेकून बसलेला. पोर ओरडतेय, गडी हलत नाही. मी उचलून घेईपर्यंत त्याने फ्रॉक सोडला नाही. चार भोकं पडली. सुमनने ती भोकं न रफू करता फ्रॉक घडी घालून ठेवला, आठवण म्हणून.

केजहून एसटीत पिशवीतून आणलं होतं त्याला, मुठीएवढा होता. छबी त्याची शेपटी धरून चालायला शिकली. आता रोज पहिल्या शिफ्टला निघताना मी त्याला बजावतो, शिपाई, छबीला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही. तो कान पाडून ऐकतो.

टूलरूमचा एक बाद झालेला पितळी बिल्ला, नंबर ४७, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवला. आमच्या कंपनीत सुटताना बिल्ला जमा करावा लागतो, तोवर माणूस ड्यूटीवर. बबनरावांच्या आई, सोजराबाई, मेथीची जुडी द्यायला आल्या आणि बिल्ला बघून पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘कुत्र्याला बी कंपनीत लावलंय व्हय?’’

सोमवार, १२ मार्च

शिपाई गेला.

काल तो खाणीकडच्या कुत्र्यांमागे पळाला होता म्हणून आज सकाळी मीच त्याला फाटकाच्या खांबाला साखळीने बांधलं. दुपारी विटांच्या ढिगातून घोणस निघाली. छबी तिथेच भातुकली मांडून बसलेली. सुमन सांगते, साखळी ताणून ताणून त्याने सापाला गाठलं आणि मान मोडेपर्यंत सोडलं नाही. तोवर त्याला दोन ठिकाणी डसली होती. मी चारला पोचलो तेव्हा त्याचं डोकं छबीच्या मांडीवर होतं. मला बघून शेपटी एकदा हलली.

बांधलेला नसता तर कदाचित उडी मारून चुकवता आला असता त्याला दंश. मी रडलो. बापाच्या वेळी रडलो नव्हतो एवढा.

मंगळवार, १३ मार्च

अर्धी रजा टाकली. जागा छबीने सांगितली, फाटकापाशी, तो बसायचा तिथेच. खाणीत कोल्हे आहेत, भटकी कुत्रीही उकरतात. आमच्या शिपाईचं असं काही होऊ द्यायचं नव्हतं. पहारेने मुरूम फोडून कंबरेइतका खड्डा घेतला. खाली खडे मीठ, वर खडे मीठ, त्यावर बाभळीचे काटे, माती, आणि घराच्या उरलेल्या दोन शहाबादी फरश्या. पहिलवानालाही उचकटता येणार नाहीत.

सुमन म्हणत होती, पट्टा आणि साखळी काढा. मी म्हटलं, त्याचं त्याला राहू दे. साखळीचं टोक खांबाच्या कडीत होतं, ते तसंच ठेवलं, बाकीची मातीत. छबीने विचारलं, शिपाई आता काय करणार. मी म्हटलं, राखण करणार. आणि फरशी बसवताना, सवयच ती, तोंडातून निघून गेलं, शिपाई, छबीला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही. सुमनने डोळ्याला पदर लावला.

शुक्रवार, १६ मार्च

पोर रडेल, जेवणार नाही, असं वाटलं होतं. उलट खुशीत आहे. सांगते, शिपाई फ्रॉक धरतो. आम्ही हो म्हणतो, बालमन आहे. पण आज तिच्या फ्रॉकचा घेर ओला होता, लाळ लागावी तसा, आणि त्यावर मुरमाची लाल माती. सुमन म्हणते, स्वतःच चघळला असेल. असेल.

मंगळवार, २० मार्च

सोजराबाईंकडे पणतूचं बारसं. भर दुपारी निघालो, छबी सुमनचं बोट धरून. फाटकात सुमन पुढे गेली आणि छबी मागच्या मागे पडली. पाठीमागून फ्रॉक टर्रकन फाटला. सुमनला वाटलं, तार लागली. फाटकाला कुठेही तार नाही, माझी मीच काढली होती कुलूप लावल्यावर. बारशाला सुमन एकटी गेली.

मी घरी बसून फाटका फ्रॉक बघितला. चार भोकं. मग ट्रंकेतून ३ तारखेचा फ्रॉक काढला आणि एकावर एक ठेवला. अंतर तंतोतंत तेच. वरच्या डाव्या सुळ्याचं भोक थोडं तिरकं, तेही तेच.

सुमनला सांगितलं नाही.

गुरुवार, २२ मार्च

सुट्टी. उजाडल्यावर ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. छबीला कडेवर घेतलं आणि फाटकातून बाहेर पाऊल टाकलं. मी बाहेर. तिचा पाय आत. हवेत. कोणीतरी धरून ठेवावा तसा ताणलेला. पोर किंचाळली. मी ओढलं, तिकडून ओढलं गेलं. मी मागे आलो तेव्हाच पाय सुटला. घोट्यावर चार ठिपके, दोनांतून रक्त.

मागच्या बाजूने कुंपणाची तार कापली. तिथेही तेच. मी जातो-येतो, सुमन जाते-येते, बबनराव येऊन चहा पिऊन गेले. कोणाला काही नाही. फक्त छबी.

आणि साखळी. खांबाच्या कडीपासून जमिनीपर्यंत ती सैल लोंबायची. आज दुपारच्या लख्ख उन्हात ती ताठ होती. मी बोट लावलं. तारेसारखी वाजली.

शुक्रवार, २३ मार्च

कामावर गेलो नाही.

एक फरशी बोटभर सरकली आहे. फटीत पिवळं काहीतरी. ओढलं तर छबीच्या कालच्या फ्रॉकचा तुकडा. बाकीचा खाली गेलाय. ओढून निघत नाही.

आज फ्रॉक. उद्या काय नेणार खाली? माझी पोर आहे ती. एकुलती एक. मला भीती वाटते, लिहायला लाज वाटत नाही, मला माझ्याच कुत्र्याची भीती वाटते.

सुमन म्हणते, केजला माहेरी जाऊ, आत्ताच्या आत्ता. कसं जाणार? कुठून?

शेवटी सोजराबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. विचारलं, दावं तोडलं होतं का पुरताना. मी नाही म्हटलं. म्हणाल्या, ‘‘बैल मेला तरी दावं तोडूनच पुरत्यात, बाबा. बांधल्यालं जनावर जाईल कुठं?’’ मग विचारलं, शेवटचा शब्द काय दिला त्याला. तो सांगितला. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. ‘‘काढ उकरून. पट्टा तोड, जा म्हन त्याला. पन मग पोरीवर ध्यान तुमचं तुमीच ठेवायचं बगा.’’

शनिवार, २४ मार्च

सकाळी आठला सुरुवात. फरश्या हलेनात. बबनराव आले तेव्हा निघाल्या. माझंच काम, माझ्याच जिवावर उठलं. काट्यांनी हात सोलले. मीठ दगड झालेलं, छिन्नीने फोडलं.

बबनराव डोकावले आणि निघून गेले. पळत.

अकरा दिवस झाले — वास नाही. अंग जसंच्या तसं. तोंडात छबीचे तुकडे — फ्रॉकचे, फ्रॉकचे तुकडे. काही नीट घडी करून ठेवल्यासारखे पंजांखाली.

साखळीला हात लावला तर तिकडून हिसका —

डोळ्यांकडे बघितलं नाही. बघणारही नव्हतो. करवतीने पट्टा कापला. पट्ट्याखालचं अंग कोमट होतं. देवा — कोमट होतं. बिल्ला काढून घेतला आणि म्हटलं, शिपाई, बिल्ला जमा झाला. तुझी सुट्टी झाली. जा.

साखळी सैल पडली. माझ्या गुडघ्याला घासून काहीतरी वर गेलं. दारातून छबी ओरडली, शिपाई सुटला, शिपाई सुटला. टाळ्या पिटत होती.

खड्ड्यात बघितलं तर नुसती कातडी आणि हाडं, अकरा दिवसांची असावीत तशी. आता वासही आला. मी ओकलो आणि मग हसलो.

सुमन छबीला घेऊन फाटकाबाहेर गेली. चार पावलं. परत आली. काही नाही! काही झालं नाही!

रविवार, २५ मार्च

सकाळचे दहा. चांदभाईंचा टेम्पो येतोय, आधी केज, मग पुढचं पुढे. कुलूप काढून ट्रंकेत टाकलं. टेम्पो थेट आत यावा म्हणून फाटक सताड उघडं ठेवलंय. सुमन आत भांडी बांधतेय. मी पायरीवर लिहीत बसलोय, छबी शेजारी. बिल्ला खिशात आहे, थंडगार. किती दिवसांनी छाती मोकळी वाटतेय.

छबीने विचारलं, आता माझा फ्रॉक कोण धरणार. मी म्हटलं, आता कोणी नाही गं, आता तू मोकळी. ती खुदकन हसली. पाय हलवत बसलीय.

वळणावर हॉर्न वाजला. आले वाटतं चांदभाई. नाही — हा जड आवाज आहे, खडीचा —

छबी, इथेच —

शेजारी नाही. पायरी —

फाटक उघ