वितळला नाही तो रुपया

बाबा,

रुपयाच्या नाण्यात तांबं राहिलं नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. जानेफळातली आपली ओतकामाची शेड अजून उभी आहे. तिच्या दारात बसून लिहिते आहे.

मी लहान होते तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर नाणी टाकायचात आणि मला डोळे मिटून ओळखायला लावायचात. जुना पैसा पडला की आवाज रेंगाळायचा. त्यात तांबं आणि कथील. पाच पैशाचं अॅल्युमिनियम नुसतं टपकन पडायचं. रुपया खणकायचा, तांबं आणि निकेल. आई भाकर थापता थापता म्हणायची, "पोरीले खेळू द्या ना बाहेर." चलनातून गेलेले ते पैसे लोक म्हाताऱ्यांच्या डब्यांतून आणून द्यायचे आणि तुम्ही ते वितळवून बैलांच्या गळ्यातले घुंगरू ओतायचात.

मग बीटी कापूस आला. सुरुवातीला पिकलं तेव्हा काहींनी ट्रॅक्टर घेतले. पुढे अळीनं बोंडं पोखरली, तेव्हा उरलेल्यांनीही बैलजोड्या विकल्या. घुंगरू मोडीत यायला लागले. दादा पुण्याला कंपनीत गेला तो तिकडचाच झाला. भाता ओढायला मी उरले. माझी बारावी झाली आणि बुलढाण्याला नर्सिंगला नंबर लागला.

त्याच आठवड्यात शेजारचे काका पोळ्यासाठी घुंगरमाळ मागायला आले. बैल ठेवणारे आता तेवढेच. "जुने पैसे थोडेच हायत," ते म्हणाले, "म्हनून रुपये बी टाकले त्यात." तुम्ही सगळं तसंच मुशीत ओतलंत. पैसे वितळले, रुपये लालबुंद होऊन वर तरंगत राहिले. तुम्ही आणखी कोळसा टाकलात. माझे हात भरून आले. "ओढ वं," तुम्ही ओरडलात. शेवटी चिमट्यानं एक रुपया बाहेर काढलात, गार झाल्यावर त्याला चुंबक लावलंत. चिकटला. तुम्ही तो ओढून काढत होतात आणि पुन्हा लावून बघत होतात. काका खाली बघत उभे होते. इतके म्हातारे तुम्ही मला आधी कधी दिसला नव्हतात.

आईनं माहेरची पितळी घागर आणून तुमच्यापुढे ठेवली. "हे वितळवा. पन पोरीले जाऊ द्या बुलढान्याले."

तुम्ही घागर उचललीत, हातोड्यानं फोडलीत. मला वाटलं, सुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "चाल, भाता धर." आई आत गेली.

पोळ्याला काकांचे बैल वाजत गेले. लोक घराबाहेर येऊन बघत होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तोवर प्रवेशाची मुदत टळली होती. पुढे तुमचा खोकला वाढला आणि माझ्या जाण्याचं कुणी बोललंच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा बायका मला धरून बसल्या होत्या. मी रडत होते, खोटं नव्हतं ते. पण मनात सारखं येत होतं, आता आतून तुमची हाक यायची नाही. तेरवी झाली आणि दुसऱ्या गावचा एक जण देवळाची तडकलेली घंटा घेऊन दारात आला. "बाई, तुमाले येते ना ओतता?"

मी हो म्हटलं.

आई आत पडली आहे. हे तिलाही वाचून दाखवणार नाही. बाबा, त्या माणसाला मी नाही म्हणू शकले असते. तेव्हा मला कुणी धरून ठेवलं नव्हतं.