चार गुण

ग्लेनबार, ऑन्टारिओ
१४ जानेवारी १९५७

चि. मोर्ना हिस,
अ. उ. आ.

नाताळात तू आली नाहीस. विनिफ्रेडने तुझ्या वाटणीचं पुडिंग चार दिवस झाकून ठेवलं आणि पाचव्या दिवशी मी ते संपवलं. तिनं अजून मला माफ केलेलं नाही. बाकी आम्ही ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण पन्नाशीला टेकलेल्या मास्तराचा गुडघा दुसरं काय करणार?

आता कामाचं. आमच्या शाळामंडळानं लॅटिन बंद करायचं ठरवत आणलंय. अध्यक्ष डॉबी, तोच तो पशुखाद्याच्या दुकानाचा, भर सभेत म्हणाला की मेलेल्या लोकांची भाषा शिकून गावातल्या एकाचं तरी भलं झालेलं दाखवा. त्या जागी टायपिंगचा वर्ग काढायचाय. बावीस वर्षं मी तो वर्ग चालवतोय, मोर्ना. बंद झाला तर मला आरोग्यशास्त्र शिकवायला लावतील. दात कसे घासावेत हे मी पोरांना सांगतोय, असं डोळ्यांपुढे आण आणि पोटभर हस.

बारा मार्चला मतदान आहे. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं वाचून दाखवायची मला मुभा मिळालीय. तुझं एक हवं. नर्स म्हणून तुला औषधांच्या नावांत, रोगांच्या नावांत लॅटिनचा उपयोग होत असेलच. एक पानभर लिही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तुझ्याच शब्दाला गावात वजन आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईचं तू केलंस ते लोक विसरलेले नाहीत.

पायात दोन मोजे घालत जा. तिकडची थंडी इकडच्यासारखी नाही. उत्तराची वाट पाहतो.

तुझा भाऊ
हेक्टर

————

टॅमरॅक फॉल्स
२७ जानेवारी १९५७

ती. हेक्टरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, तिसऱ्यांदा वाचून ते खणात टाकलं आणि आठवडाभर उत्तर लिहिलं नाही.

दादा, तू विसरलास की विसरल्यासारखं करतोयस? चव्वेचाळीस साली वैद्यकीयला जायला मला शाळेची शिफारस हवी होती. सगळ्या विषयांत मी पास होते. लॅटिनमध्ये शेहेचाळीस. पन्नास हवे होते. चार गुण. मी तुझ्या टेबलापाशी उभी राहून रडले होते, आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणाला होतास की बहीण म्हणून तुला वेगळा न्याय लावला तर वर्गाला काय तोंड दाखवू. मला त्या वेळी तुझा अभिमानसुद्धा वाटला होता. इतकी मी खुळी.

त्यानंतर तीन वर्षं मी आईचं अंथरूण बदललं. आई गेल्यावर नर्स झाले. आज इथं डॉ. प्रिंगल सांगतात आणि मी करते. कधीकधी ते चुकतायत हे मला दिसत असतं आणि तरी मी हो डॉक्टर म्हणते. लॅटिनचा मला काय उपयोग झाला हे मंडळाला कळवायचं असेल तर एवढंच कळव.

औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला तुझ्या वर्गातल्या सीझरच्या लढाया लागत नाहीत. पत्र मी लिहिणार नाही.

विनिफ्रेडवहिनीला प्रेम. मोजे दोनच घालते.

मोर्ना

————

ग्लेनबार
५ फेब्रुवारी १९५७

चि. मोर्ना हिस,
अ. उ. आ.

तुझा राग समजला. पत्राचा आग्रह सोडला. त्या पेपराबद्दल कधीतरी समोरासमोर बोलू. असल्या गोष्टी कागदावर नीट उतरत नाहीत.

तुमच्या गावात बर्फ कंबरेएवढा झालाय असं पेपरात वाचलं. तुमच्याकडे हंगेरीहून पळून आलेली कुटुंबं खाणीच्या कामावर आणलीत, हेही वाचलं. बिचारे. त्यांच्याशी बोलता कसं तुम्ही?

विनिफ्रेडनं लोकरीचा स्वेटर पाठवलाय. बाह्या लांब झाल्यात, पण तिला तसं कळवू नकोस.

तुझा
हेक्टर

————

टॅमरॅक फॉल्स
१८ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी रागातच लिहितेय, हे आधी सांगते. पण जे घडलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. कुणाला समजणारच नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी एतेल्का नावाच्या एका हंगेरियन बाईला स्लेजवरून हॉस्पिटलात आणलं. वय चोवीस. न्यूमोनिया, ताप एकशे चार, ओठ निळे पडलेले. सोबत तिचे वडील, बोड्रोगी नावाचे, पांढऱ्या मिशांचे वाळकेसे गृहस्थ. त्यांची भाषा येणारा आमच्याकडे एकच माणूस, खाणीतला फोरमन, आणि तो वादळामुळे चाळीस मैलांवर अडकलेला. फोनची तार तुटलेली.

प्रिंगलनी पेनिसिलिन सांगितलं. मी इंजेक्शन भरून आणलं, तसा म्हाताऱ्यानं माझा दंडच धरला. ओरडायला लागले, माझ्या हातातल्या सुईकडे बोट करून मान हलवायला लागले. प्रिंगल म्हणाले, खेड्यातली माणसं, सुईला घाबरतात, बाहेर काढा यांना. मेट्रन ओकलीबाईंनी दोन वॉर्डबॉयना हाक मारली. ते बोड्रोगींना दाराकडे ओढत होते आणि म्हातारे एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होते. तिसऱ्या वेळी मला वाटलं, हा शब्द मी ऐकलाय. मेडिकामेंटो. उच्चार भलताच, पण शब्द तोच.

मी वॉर्डबॉयना थांबवलं आणि म्हाताऱ्याच्या हातात माझी पेन्सिल दिली. त्यांनी तापाच्या तक्त्यामागे एक ओळ लिहिली. काय अक्षर होतं दादा, छापल्यासारखं. लॅटिन! नंतर कळलं, ते तीस वर्षं शाळेत मास्तर होते.

सहा-सात शब्दांची ओळ. फिलिआ, मुलगी. मेडिकामेंटो, औषधानं. मोर्टुआ, मेली. माझी मुलगी या औषधानं मेली. मी ते प्रिंगलना सांगितलं. ते हसले. म्हणाले, मुलगी तर समोर श्वास घेतेय सिस्टर, याचं डोकं फिरलंय, इंजेक्शन द्या. आणि खरंच, तसा अर्थ कसा लागणार? मी सुई उचलली. तिची बाही वर केली. आणि मग मोर्टुआच्या आधीचा तो एक शब्द दिसला, जो मी भाषांतरात गाळून टाकला होता. पेने.

तुला आठवतं, हाच शब्द मी नेहमी गाळायचे? तू वहीवर लाल शाईनं लिहायचास की बाई, हा एवढासा शब्द सोडलास की जिवंत माणसाला तू पुरतेस. पेने म्हणजे जवळजवळ. माझी मुलगी या औषधानं जवळजवळ मेली होती.

मी सुई खाली ठेवली. प्रिंगलनी पुन्हा सांगितलं. मी नाही म्हटलं. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. ओकलीबाई म्हणाल्या की हे मी वर कळवणार. मी तक्त्यावर प्रश्न लिहायला घेतला. आणि दादा, मला लॅटिनमध्ये ताप आठवेना, सूज आठवेना, सुई आठवेना. तू आम्हाला शिकवलंस काय, तर तटबंदी, वेढा आणि घोडदळ! शेवटी लिहिलं की हे औषध मुलीचा शत्रू आहे का. बोड्रोगींनी वाचलं, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, आणि मुलगी मरायला टेकलेली असताना त्या माणसानं आधी माझी विभक्ती दुरुस्त केली. मग खाली मोठ्या अक्षरात हो लिहिलं. स्वतःचा गळा दोन्ही हातांनी आवळून दाखवला, गाल फुगवले, डोळे मिटले, आणि तीन बोटं वर केली. तीन दिवस.

प्रिंगलनी तक्ता हातात घेऊन पाहिला. मग दुसरं औषध सांगितलं, टेट्रासायक्लिन. आवाज तुटक होता. चूक झाली असती तर नोकरी माझी गेली असती आणि बाईही गेली असती, कारण त्या औषधानं ताप उतरायला दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत मी जेवले की नाही ते मला आठवत नाही. गुरुवारी फोरमन आला. त्यानं विचारून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी बुडापेस्टमध्ये पेनिसिलिन दिल्यावर तिचा घसा बंद झाला होता. काल एतेल्का उठून बसली आणि तिनं सूप प्यायलं. तक्रारीचा कागद ओकलीबाईंनी फाडला. प्रिंगल माझ्याशी जरा जास्तच अदबीनं वागतायत.

सोबत मंडळासाठी पत्र जोडलंय. जे झालं तेच लिहिलंय, जास्त काही नाही. उपयोग झाला, एकदाच झाला. आणि ज्या विषयानं माझी वाट अडवली त्याच विषयानं झाला, हेही लिहिलंय. तेवढं वाक्य गाळू नकोस.

मोर्ना

————

ग्लेनबार
१३ मार्च १९५७

मोर्ना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल सभा झाली. हॉल गच्च भरला होता. मी तुझं पत्र वाचायला उभा राहिलो. बोड्रोगींनी विभक्ती दुरुस्त केली तिथं लोक हसले. मग ते वाक्य आलं, शेहेचाळीस गुणांचं. माझा आवाज गेला. लोकांना वाटलं, भाऊ गहिवरला. डॉबीनं उठून माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं त्यानं वाचलं. पाच विरुद्ध तीन मतांनी लॅटिन राहिलं. टाळ्या वाजल्या. डॉबीनं माझा हात हातात घेऊन सांगितलं की असा कडक मास्तर गावाला लाभला हे भाग्य.

घरी आल्यावर मी विनिफ्रेडला सगळं सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. ती माझ्याशी अजून बोललेली नाही.

तुला चोपन्न गुण होते.

परीक्षेच्या आठवड्यात बाबा मला गोठ्यात भेटले. म्हणाले, पोर टोरोंटोला गेली तर तुझ्या आईचं कोण करणार? मला गाई सोडवत नाहीत. तू काहीतरी कर. बाबांनी एवढंच म्हटलं. कसं करायचं ते मी ठरवलं. मी तुझा पेपर पुन्हा काढला आणि दुसऱ्यांदा तपासला. जिथं अर्धा गुण द्यायचा तिथं दिला नाही. पेने गाळलास तिथं एकाऐवजी तीन कापले. आठ गुण निघायला मला दीड तास लागला.

बाबांच्या माथी मारून मोकळा झालो असतो, ते गेलेत. पण खरं सांगतो. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. तू गेली असतीस तर आईचं आमच्यावर आलं असतं. मला ते नको होतं. बाबांनी विचारलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

तू टेबलापाशी रडत होतीस आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पेपर मी टाकू शकलो नाही. सोबत पाठवतोय. दोन्ही आकडे त्यावर आहेत, पहिल्यावर मारलेली रेघही. तू सांगशील ते करीन. मंडळापुढे जाऊन सांगायचं असेल तर तेही.

हेक्टर

————

टॅमरॅक फॉल्स
३० मार्च १९५७

हेक्टर,

पेपर मिळाला. पहिले आठ दिवस मी तो हॉस्पिटलातल्या माझ्या टेबलावर पालथा ठेवला होता. मग ड्यूटी संपवून बसले आणि सगळा वाचला. चांगला सोडवला होता रे मी. तिसरा उतारा तर फारच चांगला. अठरा वर्षांच्या त्या मुलीला मी इतकी वर्षं ढ समजत आले. तुझ्यावरचा सगळ्यात मोठा राग कशाचा असेल तर याचा. डॉक्टर झाले नाही ते एक वेळ सोसलं असतं. पण लोकांसमोर बोलताना, औषध देताना, प्रत्येक वेळी आतून कुणीतरी म्हणायचं की तुला जमत नाही. तो आवाज तुझा होता आणि तो खोटा होता.

आईचं केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. मला विचारलं असतंत तर कदाचित मी राहिलेही असते. तुम्हा दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

एतेल्का गेल्या शनिवारी घरी गेली. बोड्रोगी रोज येऊन बसायचे. त्यांनी तो पेपर टेबलावर पाहिला आणि हात पुढे केला. मी दिला नाही. माझा पेपर आता आणखी कुणी तपासायचा नाही.

मंडळापुढे जाऊ नकोस. तुझी फजिती बघून मला काही मिळणार नाही, आणि लॅटिन राहिलं ते बरंच झालं. पुढच्या वर्षी पोरांना ताप, घसा, दुखणं, भूक हे शब्द शिकव. सगळ्यांनाच काही किल्ल्याला वेढा घालायचा नसतो.

मला तुझ्याकडून एक कागद हवा. मी टोरोंटोला विद्यापीठाला लिहून विचारलं. एकतीस वय त्यांना चालतं, पण कठीण जाईल म्हणाले. लॅटिन आता लागतच नाही. शाळेची शिफारस मात्र अजून लागते. ती तू लिहायचीस. गुण चोपन्न लिही, साल १९४४ लिही आणि खाली आजची तारीख घाल. मध्ये तेरा वर्षं का गेली असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते मी बघेन. भाऊ म्हणून एक शब्दही लिहू नकोस. मास्तर म्हणून लिही आणि पूर्ण नावानं सही कर. एकतीस मेच्या आत तो कागद टोरोंटोत पोचला पाहिजे.

लोभ असावा असं मी आज तुला लिहू शकत नाही, आणि तूही मागू नकोस. कागद पाठव.

मोर्ना किलब्राइड